खिडक्या बंद, तरी घरात वारा! लपलेल्या फटी शोधायच्या कशा, बुजवायच्या कशाने?

उघडझाप

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

घर दोन मजली, वर पोटमाळा, खाली अर्धवट तळघर. खिडक्या नव्याने बसवलेल्या, दुहेरी काचेच्या. बाहेरच्या दारांना रबरी पट्ट्या लावून झाल्या. तरीही थंडीत जिन्याच्या तळाशी पावलांना गार झोत लागतो, वरच्या एका खोलीतला पडदा खिडकी घट्ट बंद असताना हलतो आणि हीटर थांबला की खोली बघता बघता गार पडते. शिवाय स्कर्टिंगच्या कडेने एक काळपट रेघ उमटते. पुसली तरी काही दिवसांनी पुन्हा हजर. खिडक्या बसवणारा म्हणतो, "खिडक्या ठणठणीत आहेत, घरच जुनं आहे." घर जुनं आहे हे मलाही ठाऊक होतं, ते ऐकायला पैसे दिले नव्हते.

तर हवा नेमकी कुठून येते हे महागडी उपकरणं न घेता शोधता येईल का? सापडल्यावर सिलिकॉन मारायचं, फोम भरायचा की आणखी काही? आणि सगळंच बंद केलं तर घर कोंदट होणार नाही का? भिंतींचं इन्सुलेशन वाढवा असाही सल्ला मिळाला आहे, पण आधी फटी बुजवाव्यात असं मन सांगतंय.

तिरपा_पाऊस

रुमाल टाकून ठेवतेय.

आमच्याकडे उलटी तऱ्हा. बाहेर उकाडा आणि दमट हवा, आत एसी. फॉल्स सीलिंगच्या कडेला काळी बुरशी येते. वरून पाणी झिरपत नाही हे प्लंबरने तपासून सांगितलंय. याचाही फटींशी संबंध असू शकतो का, की वेगळा धागा काढू?

वातकुक्कुट

वेगळा धागा नको, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

नुसतं भोक असून भागत नाही. भोकाच्या दोन बाजूंना दाब वेगवेगळा असेल तरच हवा वाहते. घरात हा फरक तीन गोष्टी पाडतात: वारा, तापमान आणि हवा बाहेर फेकणारे एक्झॉस्ट पंखे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर सुमारे १५ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक), १० मीटर असेल तर ६०. वाऱ्याकडे तोंड असलेल्या भिंतीवर हवा आत ढकलली जाते, बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर बाहेर ओढली जाते. म्हणजे पडदा हलणारी खोली वाऱ्याच्या बाजूचीच असेल असं नाही.

तापमानाचा परिणाम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण त्याचा काही आवाज नसतो. थंडीत आतली गरम हवा हलकी असल्याने वर चढते आणि वरच्या फटींतून निसटते. जितकी जाते तितकीच खालून आत येते. ढोबळ हिशेब असा: दर मीटर उंचीमागे, आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे ०.०४ पास्कल. घर ६ मीटर उंच आणि फरक २० अंश असेल तर तळापासून माथ्यापर्यंत मिळून ५ पास्कलच्या आसपास. वाऱ्यापुढे हा आकडा किरकोळ वाटतो, पण वारा कधीतरी पडतो. हा दाब थंडी असेपर्यंत रात्रंदिवस चालूच राहतो.

उघडझाप, पावलांना लागतो तो आत येणारा झोत. बाहेर जाणारा झोत तुम्हाला अंगाला कधीच लागणार नाही, कारण तिथली हवा उबदार असते आणि तुमच्यापासून दूर जात असते. म्हणून शोध पोटमाळ्यापासून सुरू करा. वरची वाट अडली की खालून खेचली जाणारी हवाही आपोआप कमी होते. त्यानंतर तळघर. मधल्या उंचीवर कुठेतरी हा दाब शून्य होतो, तिथली फट फक्त वारा आणि पंखे चालू असतानाच त्रास देते. लोक मात्र जिथे गार लागतं तिथेच सिलिकॉनची नळी घेऊन बसतात.

एसीच्या घरात हेच उलटं होतं. थंड, जड हवा खालून निसटते आणि तिच्या जागी वरून उष्ण, दमट हवा उतरते. बुरशीबद्दल सवडीने सविस्तर लिहितो.

कडीकोयंडा

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी सुतारकाम करतो, गणितापेक्षा जागा जास्त माहीत आहेत.

ती काळी रेघ रंगाचा दोष नाही. स्कर्टिंगमागे भिंत आणि जमीन यांच्यात फट आहे, हवा तिथून ये-जा करते आणि धूळ कडेला गाळून ठेवते. गालिच्याच्या कडा काळ्या पडतात त्याही यानेच. पोटमाळ्यात काचतंतूचं इन्सुलेशन अंथरलेलं असेल तर ते उचलून खालची बाजू पाहा. जिथे काळं पडलंय तिथे खाली भोक आहे. काचतंतू उष्णता अडवतो, पण त्यातून हवा आरपार जाते. त्यामुळे भोकात नुसता त्याचा बोळा कोंबून काही होत नाही, धूळ तेवढी गाळली जाते.

पोटमाळ्यात काय बघायचं? सगळ्यात आधी तिथे जायचं झाकण. बहुतेक ठिकाणी ती एक फळी चौकटीवर नुसती टेकवलेली असते. मग पाण्याचे आणि सांडपाण्याचे उभे पाइप जिथून वर येतात ती जागा. पाइप असतो मनगटाएवढा आणि त्याच्यासाठी ठेवलेली पोकळी असते माणूस उतरेल एवढी, तळघरापासून माळ्यापर्यंत सलग. ही एक पोकळी सापडली तर समजा अर्धं काम झालं. त्यानंतर छतात बसवलेले खोलगट दिवे, धुराड्याभोवतीची जागा, आतल्या पार्टिशन भिंतींचे माथे, जिन्यावरचं किंवा कपाटांवरचं खाली उतरवलेलं छत. अशा छताच्या मागे बोर्डच लावलेला नसतो, कारण तिथे कुणाचं लक्ष जाणार नसतं.

तळाला: पाया आणि भिंतीचं लाकूड जिथे भेटतं तो सांधा, केबल आणि पाइप आत येण्याची भोकं, तळघराचं दार. गाडी ठेवायची खोली घराला लागून असेल तर मधलं दार घट्ट हवंच, तिथून नुसती हवा नाही, गाडीचा धूरही येतो.

आता खिडक्या. बसवणारा म्हणतो ते खरंही असू शकतं, खिडकी चांगलीच असेल. पण चौकट आणि भिंत यांच्यामधली जागा कशाने भरली, ते त्याला विचारा. बाहेरून सिलिकॉनची एक रेघ, आतून सजावटीची पट्टी आणि मध्ये पोकळ, हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता नवल वाटत नाही.

उघडझाप

स्कर्टिंगचा उलगडा झाला, धन्यवाद! पाइपच्या पोकळीचं माळ्यावर जाऊन बघतो.

विटांच्या भिंतीतल्या स्विचबोर्डमधूनही हवा येते असं वाटतंय. भिंत भरीव आहे, मग ती येते कुठून?

कडीकोयंडा

भिंत भरीव असली तरी तिच्यातली वायरची नळी पोकळ असते. तिचं दुसरं टोक छतावरच्या जंक्शन बॉक्समध्ये किंवा बाहेरच्या मीटरपाशी उघडं असतं. मुख्य स्विच बंद करून बोर्ड उघडा आणि नळीच्या तोंडाशी वायरभोवती न सुकणारी सीलिंग पुटी दाबा. प्लेटमागे पातळ फोमची गॅस्केट बसवा. बोर्डच्या पेटीत स्प्रे फोम मारू नका. वायर त्यात कायमच्या अडकतात, उष्णता कोंडते आणि पुढच्या इलेक्ट्रिशियनच्या शिव्या खाव्या लागतात.

अनुस्वार

मला हे सगळं जरा अतीच वाटतंय. घराला श्वास घ्यायला जागा नको का? जुन्या घरांतून वारा खेळायचा, म्हणून ती टिकली. हवाबंद डब्यात राहून माणसं आजारी पडतात, भिंती घामेजतात. थोडी गार हवा लागली तर अंगावर शाल घ्यावी.

वातकुक्कुट

अनुस्वार, काळजी रास्त आहे, निष्कर्ष पटत नाही.

माणसांना ताजी हवा लागते यावर वादच नाही. पण फटींतून येणाऱ्या हवेवर कुणाचा ताबा नसतो. कडाक्याच्या थंडीत आणि वादळात, जेव्हा ती नको असते, तेव्हा ती भरपूर येते. सौम्य हवामानात वारा पडलेला असताना, जेव्हा हवी असते, तेव्हा जवळपास येतच नाही. शिवाय येते कुठून? तळघरातून, गाडीच्या खोलीतून, भिंतीतल्या पोकळीतून, धूळ आणि बुरशीचे कण घेऊन. श्वासच घ्यायचा तर नाकाने घ्यावा, अंगावरच्या जखमांतून नव्हे.

भिंती घामेजतात त्या हवा कोंडल्यामुळे, हे अर्धंच खरं. थंडीत आतली दमट हवा फटींतून भिंतीच्या किंवा छताच्या आत शिरते, तिथल्या गार पृष्ठभागावर तिचं पाणी होतं आणि लाकूड कुजतं. भिंतीच्या बोर्डमधून वाफ मुरून जाते त्यापेक्षा फटीतून वाहणारी हवा कितीतरी पट जास्त वाफ नेते.

आणि हवाबंद घर बांधणाऱ्यांनी वायुवीजनाचा विचार केला नाही असं अजिबात नाही. कॅनडात रेजायना इथे १९७७ मध्ये सास्काचेवान कन्झर्व्हेशन हाऊस बांधलं, त्यात हवाबंद आवरणाच्या जोडीलाच बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र होतं. या दोन्ही गोष्टी एकत्रच करायच्या असतात. फटी बुजवल्यावर न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातले पंखे थेट घराबाहेर हवा टाकतात ना, ते बघा. बऱ्याच घरांत ते माळ्यात किंवा फॉल्स सीलिंगमध्ये टाकतात.

अनुस्वार

नाकाचं पटलं. शालीचा मुद्दा मी सोडलेला नाही :)

पण मग किती बुजवलं म्हणजे पुरे, हे कळायचं कसं?

शून्यांश

मोजून. त्यासाठी ब्लोअर डोअर चाचणी असते. बाहेरच्या दारात कापडी पडद्यासकट एक मोठा पंखा बसवतात, बाकी दारं-खिडक्या बंद करतात आणि पंख्याने आत-बाहेर ५० पास्कलचा फरक टिकवून ठेवतात. सेकंदाला ९ मीटरचा वारा घराच्या सगळ्या बाजूंवर एकाच वेळी आदळला तर जेवढा दाब पडेल, साधारण तेवढा. तो टिकवायला पंख्यातून जितकी हवा जावी लागते तितकी घराची गळती. तिला घराच्या घनफळाने भागलं की तासाला किती वेळा हवा बदलली हे मिळतं.

उदाहरण घ्या. घराचं घनफळ ३०० घनमीटर, पंख्यातून तासाला २४०० घनमीटर, म्हणजे ५० पास्कलला ८ वेळा. रोजच्या दाबाला यातली किती गळती होते, याचा जुना ठोकताळा म्हणजे त्याला २० ने भागा: तासाला ०.४ वेळा. उंची, वारा, हवामान यानुसार तो बराच हलतो, पण अंदाज येतो. पॅसिव्ह हाऊस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या मानकात ५० पास्कलला ०.६ च्या आत असावं लागतं. जुन्या घराने तिथे पोचायचा हट्ट धरू नये. आधीचा आणि नंतरचा आकडा यांतला फरक महत्त्वाचा.

थोडं अवांतर, पण धाग्याच्या विषयाशी थेट संबंध आहे. हे तंत्र सुमारे १९७७ मध्ये स्वीडनमध्ये वापरात आलं आणि तिथून अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात पोचलं. त्याच सुमारास प्रिन्स्टनची मंडळी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीतल्या घरांचा अभ्यास करत होती. गौतम दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की माळ्यातून जाणारी उष्णता पुस्तकी हिशेबापेक्षा कितीतरी जास्त आहे. हिशेबात इन्सुलेशन धरलं होतं. पण धुराड्याभोवतीच्या आणि सामायिक भिंतींमधल्या पोकळ्यांतून गरम हवा त्या इन्सुलेशनला वळसा घालून सरळ माळ्यात जात होती. खिडक्या-दारांच्या कडेच्या फटी सगळ्यांना दिसतात, या वाटा कुणी शोधल्याच नव्हत्या.

उघडझाप, म्हणून तुमचं मन सांगतंय ते बरोबर आहे. इन्सुलेशन नंतर. आधी अंथरलं तर खालची भोकं झाकली जातात आणि पुन्हा सगळं उकरावं लागतं.

तिरपा_पाऊस

फटीचा आकार किती मोठा धरायचा? दाराखालची बोटभर फट आणि कडेच्या केसाएवढ्या फटी यांत जास्त वाईट कोण?

शून्यांश

क्षेत्रफळ काढून बघा. दार ०.९ बाय २.१ मीटर, घेर ६ मीटर. चारही कडांना २ मिलीमीटर फट असली तर झाले १२० चौरस सेंटीमीटर, म्हणजे दारात ११ सेंटीमीटरचं चौकोनी भोक. एवढं भोक कुणी उघडं ठेवणार नाही, पण तीच जागा कडेने वाटली गेली की डोळ्यांना दिसत नाही. दाराखालची १ सेंटीमीटरची फट ९० चौरस सेंटीमीटर. म्हणजे केसाएवढ्या नसल्या तरी बारीक कडा बोटभर फटीला भारी पडतात. ४ पास्कलला त्या १२० मधून तासाला ढोबळमानाने ६५ घनमीटर हवा जाईल. मध्यम खोलीतली सगळी हवा त्याहून कमी असते.

उघडझाप

ब्लोअर डोअरवाले इथे मिळतील असं दिसत नाही. घरच्या घरी काही?

वातकुक्कुट

घरच्या घरी जमतं. पण आधी हे वाचा. घरात उघड्या ज्योतीचा गीझर, बॉयलर, शेगडी, पेटलेली फायरप्लेस असं काही असेल तर ते बंद करा, गार होऊ द्या, आणि चाचणी संपेपर्यंत पुन्हा पेटवू नका. आपण घरात कमी दाब तयार करणार आहोत. त्याने धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. राखेत निखारे असतील तरीही थांबा.

मग सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारं लावा, आतली दारं उघडी ठेवा आणि घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे एकदम चालू करा. ५० पास्कल काही मिळणार नाहीत, पण आता घराच्या प्रत्येक भोकातून हवा आत येईल. बाहेर जाणाऱ्या झोतापेक्षा आत येणारा शोधणं सोपं. बाहेर गार आणि वारा असलेला दिवस निवडला तर अजून बरं.

उदबत्ती पेटवून संशयित जागेपासून दोनेक बोटं अंतरावर हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, आडवा झाला, तुटला, गरगरला की तिथे खूण करा. मास्किंग टेपचा तुकडा चिकटवत जा, नाहीतर पाचव्या जागेनंतर पहिली आठवत नाही. पडदे, काचतंतू, स्प्रेचे डबे यांच्यापासून उदबत्ती दूर. ती नको असेल तर ओल्या हाताची मागची बाजू फिरवा, तळव्यापेक्षा तिला लवकर कळतं. रात्री एकाने बाहेरून जोरदार टॉर्च मारायचा आणि दुसऱ्याने आत अंधारात बघायचं, हीही युक्ती चालते, पण ती सरळ भोकांनाच. हवा वळणं घेत येते, उजेड येत नाही.

खिडकीच्या झडपेसाठी कागदाची पट्टी. झडपेत धरून बंद करा आणि ओढा. अलगद निसटली तर तिथे गॅस्केट दाबली जात नाही.

थर्मल कॅमेरा भाड्याने मिळाला तर उत्तम. मात्र त्यात हवा दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं. आत-बाहेर १० अंशांचा तरी फरक हवा. एक फोटो पंखे लावण्याआधी घ्या, एक पंखे काही वेळ चालल्यावर. दोन्हींत सारखाच राहिलेला गार पट्टा म्हणजे इन्सुलेशनची कमतरता. दुसऱ्या फोटोत नव्याने पसरलेले, बोटांसारखे फाटे फुटलेले गार ओघळ म्हणजे फट.

कडीकोयंडा

कागद निसटला म्हणून लगेच गॅस्केट बदलू नका. बऱ्याच आधुनिक खिडक्यांच्या कडीला उत्केंद्री खिट्ट्या असतात, म्हणजे ज्यांचा आस मध्याच्या जरा बाजूला असतो. त्या पान्याने थोड्या फिरवल्या की झडप चौकटीवर जास्त दाबून बसते. बिजागऱ्याही आवळता येतात.

आता सामान. लोक विचारतात "कुठलं सिलिकॉन चांगलं?" आधी फट किती रुंद आहे आणि ती हलते का, हे विचारा.

आतल्या बाजूची, ६ मिलीमीटरपेक्षा बारीक, रंगवायची असलेली फट: ॲक्रिलिक सीलंट. ओल्या फडक्याने साफ होतं, वर रंग बसतो. सुकताना थोडं आक्रसतं, दुसरा हात लागू शकतो. काच, टाइल, पाणी लागणारी जागा: सिलिकॉन. त्यावर रंग धरत नाही, आणि जुन्या सिलिकॉनवर नवीनही नीट धरत नाही, म्हणून जुनं पूर्ण खरवडून काढायचं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन धातू, सिमेंट, संगमरवर यांवर नको. तिथे न्यूट्रल प्रकार. बाहेरच्या हलत्या सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट.

त्याहून रुंद फट असेल तर आधी बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, फटीपेक्षा साधारण पाव पट जाड घेऊन आत दाबायची आणि वरून सीलंट. लोकांना वाटतं ही सीलंट वाचवायची युक्ती आहे. वाचतं खरं, पण मुख्य कारण वेगळं. सीलंट दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटायला हवं, तळाला नाही. तळालाही चिकटलं तर सांधा उघडताना त्याला ताणायला जागा मिळत नाही आणि ते फाटतं. १० मिलीमीटर रुंद सांध्यात सीलंटची खोली ५ पुरे. पृष्ठभाग कोरडा आणि धूळमुक्त हवा, हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण निम्म्या रेघा यानेच सुटतात.

पीयू (पॉलियुरेथेन) फोम पाइपभोवती आणि खिडकीच्या चौकटीमागे. चौकटीसाठी कमी फुगणाराच घ्या. जास्त फुगणारा चौकट आत ढकलतो आणि मग झडप लागत नाही. फट आधी पाण्याने किंचित ओलावा, फोम ओलाव्यानेच घट्ट होतो. निम्मीच भरा, बाकी तो स्वतः भरतो. हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या. ओला असताना ॲसिटोनने निघतो, वाळल्यावर खरवडण्याशिवाय उपाय नाही. उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो, म्हणून बाहेरून उघडा ठेवायचा नाही.

मोठ्या पोकळ्या फोमने भरत बसू नका. बोर्ड किंवा पत्रा कापून बसवा आणि त्याच्या कडा सील करा.

धुराड्याभोवती फोम अजिबात नाही. तिथे पत्र्याची पट्टी आणि उच्च तापमानाचं अग्निरोधक सीलंट, आणि जळाऊ सामानापासून उत्पादकाने सांगितलेलं अंतर. छतातल्या दिव्यांनाही हेच तत्त्व: झाकण किंवा इन्सुलेशन टेकलं तर चालेल असं त्यावर लिहिलेलं नसेल तर दिवाच बदला.

माळ्यावर खड्यांसारखं चकाकणारं जुनं व्हर्मिक्युलाइट दिसलं तर हात लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासणी.

शून्यांश

काय बुजवायचं नाही तेही लिहा कुणीतरी. आमच्या शेजाऱ्यांनी उत्साहात खिडकीच्या चौकटीखालची बारीक भोकं सिलिकॉनने भरली, आता पाऊस आत साचतो.

कडीकोयंडा

चौकटीची निचऱ्याची भोकं. बाहेरच्या विटांच्या तळाशी सोडलेल्या उघड्या सांधी. छपराच्या वळचणीच्या जाळ्या. माळ्याचं वायुवीजन माळ्यापुरतं राहू द्यायचं, आपण माळा आणि खोली यांच्यामधलं छत सील करतोय. आणि गॅसची उपकरणं किंवा सिलिंडर असलेल्या जागेचे झरोके. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून झरोका जमिनीलगत असतो. नैसर्गिक वायू हलका, त्याचा वर असतो. कितीही गार हवा येवो, ते उघडेच ठेवायचे.

वातकुक्कुट

भर घालतो: सगळं बुजवून झाल्यावर उघड्या ज्योतीची उपकरणं असतील तर जाणकाराकडून धूर नीट वर जातो का तपासून घ्या, तेही सगळे एक्झॉस्ट पंखे चालू ठेवून. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

तिरपा_पाऊस, आता तुमची बुरशी. बाहेर ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतल्या वाफेचं साधारण २५ अंशांना पाणी होऊ लागतं. तुमच्या फॉल्स सीलिंगचा बोर्ड एसीमुळे २३-२४ अंशांवर असेल, एसीचा डक्ट तर त्याहून गार. बाहेरची हवा छताच्या वरच्या पोकळीत पोचली की पाणी सुटणारच. प्लंबरला गळती सापडणार नाही, कारण हे पाणी पाइपातून आलेलंच नाही.

एसीचे पाइप ज्या भोकातून बाहेर जातात ते आधी बघा. बाहेरून प्लास्टिकची गोल झाकणी असते, तिच्यामागे बहुधा सगळं मोकळं. मग बीम आणि भिंत यांच्यातला सांधा, फॉल्स सीलिंगच्या वर राहिलेली प्लास्टर न केलेली भिंत आणि उभी डक्टची वाट. सील बाहेरच्या भिंतीला करायचं. फॉल्स सीलिंगच्या कडेला आतून सिलिकॉन मारलं तर ओली हवा वरच राहील आणि बुरशी न दिसणाऱ्या बाजूला वाढेल.

तिरपा_पाऊस

झाकणी काढली. मागून बाहेरचा उजेड दिसतोय! फॉल्स सीलिंगचा तपासणीचा दरवाजा उघडून वर टॉर्च मारला तर बीमखाली हात जाईल एवढी मोकळी जागा, विटा तिथपर्यंत नेल्याच नाहीत. गवंड्याला बोलावलंय.

उघडझाप

वृत्तान्त. न्हाणीघरामागची पाइपची पोकळी माळ्यात सताड उघडी होती, कडीकोयंडा म्हणाले तशीच. भोवतीचं इन्सुलेशन काळंकुट्ट. बोर्ड कापून बसवला, कडांना सीलंट, पाइपभोवती फोम. पोकळीत धुराडं नाही याची खात्री करून घेतली. माळ्याच्या झाकणाला गॅस्केट आणि दोन खिट्ट्या. तळघरात केबलची भोकं भरली. जिन्याखालचा झोत जवळपास गेला, आणि जिन्याला तर मी हातही लावला नव्हता.

पडदा मात्र हलतोच. धूर खिडकीच्या वर, गुंडाळत्या शटरच्या पेटीपाशी आडवा होतो. शटर ओढायचा पट्टा जिथून आत येतो तिथे सर्वांत जास्त. ही पेटी फोमने भरून टाकू का?

कडीकोयंडा

भरलीत तर शटर कायमचं आहे तिथेच राहील.

पेटी बाहेरच्या हवेचीच आहे असं धरून चाला. सील करायची ती तिची खोलीकडची बाजू. आतलं झाकण काढा, त्याच्या चारही कडांना दाबली जाणारी फोम गॅस्केट लावा आणि स्क्रूने परत बसवा. चिकटवू नका, पट्टा कधीतरी तुटतो आणि पेटी उघडावी लागते. पेटीच्या दोन्ही टोकांना भिंतीशी फट असते, तिथे ॲक्रिलिक. पट्ट्याच्या खाचेसाठी ब्रशचे ओठ असलेली पट्टामार्गिका मिळते, ती जुन्या जागी बसते.

झाकणाच्या आतून इन्सुलेशनचा पातळ बोर्ड लावायचा असेल तर शटर पूर्ण वर गुंडाळून मग जागा मोजा. गुंडाळी तेव्हाच सर्वांत जाड असते.